टर्मिनलवरच्या ट्रॅकरमध्ये 'स्टार्ट' मारण्याआधी तुम्ही काय करता?

कळफलक

गेली तीन वर्षं मी माझी सगळी कामं टास्कवॉरिअरमध्ये, म्हणजे टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चालणाऱ्या ट्रॅकरमध्ये ठेवतो. काम हातात घेताना 'स्टार्ट' मारायचं, थांबताना 'स्टॉप', संपल्यावर 'डन'. आमची टीम पाच जणांची, पुण्यात. छोट्या दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.)

परवा शुक्रवारी संध्याकाळी 'टास्क ॲक्टिव्ह' मारलं तर सहा कामं चालू दिसली. सर्वात जुनं १९ दिवसांपूर्वी सुरू केलेलं. प्रत्यक्षात त्या क्षणी मी त्यातलं एकही करत नव्हतो.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो. कामाचं नाव लिहिलं होतं 'जीएसटी राउंडिंग दुरुस्त करणे'. ग्राहकाच्या बिलात करपात्र रक्कम ९९.५० रुपये, कर १८ टक्के. बिलावर सीजीएसटी ९ टक्के म्हणजे ८.९५५, त्याचे होतात ८.९६. एसजीएसटी तेवढाच. दोन्ही मिळून १७.९२. महिन्याच्या रिपोर्टमध्ये मात्र १८ टक्के एकदम काढलेले, म्हणजे १७.९१. एका पैशाचा फरक. मी 'टास्क ४२ स्टार्ट' मारलं आणि थेट राउंडिंगचं फंक्शन उघडून बसलो. दोन दिवस त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी ग्राहकाच्या अकाउंटंट बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "बिल बरोबरच आहे हो. रिपोर्टने नव्याने हिशोब करायचाच कशाला? बिलांवर जो कर छापलाय त्याची बेरीज द्या." अकरा ओळींची क्वेरी (डेटाबेसमधून रिपोर्टचे आकडे काढणारी आज्ञा) बदलली, काम संपलं.

स्टार्टच्या आधी पाच मिनिटं दिली असती तर ते दोन दिवस वाचले असते, हे मला आता मनापासून पटलंय. म्हणून विचारतोय: स्टार्ट मारणं आणि कोडची पहिली ओळ लिहिणं, यांच्या आगेमागे तुम्ही नेमकं काय करता?

ओसरी

चांगला विषय. माझ्याकडे सध्या चार कामं चालू आहेत. वाचत्ये.

जुना_खेळाडू

कळफलक, ती सहा कामं नुसती दिसायला वाईट नाहीत, ती तुमची यादीच बिघडवतात. 'टास्क नेक्स्ट' ज्या क्रमाने कामं दाखवतं तो अर्जन्सीच्या आकड्यावरून ठरतो. सेटिंग बदललं नसेल तर चालू कामाला त्यात ४.० जादा मिळतात. हाय प्रायोरिटीला ६.० आणि मीडियमला ३.९. म्हणजे १९ दिवस नुसतं पडून राहिलेलं काम मीडियम प्रायोरिटी दिलेल्या कामाच्या तोडीचं होऊन बसतं, आणि ते खरंच निकडीचं आहे की फक्त बंद करायचं राहून गेलंय हे यादीवरून कळत नाही.

मी रोज लॅपटॉप मिटण्याआधी 'टास्क +ॲक्टिव्ह स्टॉप' मारतो. तीन किंवा त्याहून जास्त कामं असली की ते आधी विचारून खात्री करून घेतं. ते विचारायला लागलं की समजायचं, आज दिवस भरकटला होता.

चाफा

स्टॉप मारणं हा उतारा झाला. प्रश्न सुरुवातीचा आहे.

मी स्टार्टच्या आधी 'ॲनोटेट' करून, म्हणजे कामाला टीप जोडून, दोन ओळी लिहिते. पहिली 'झालं म्हणजे:' ने सुरू होते, दुसरी 'पहिलं पाऊल:' ने. तुमच्या कामाला मी असं लिहिलं असतं,

झालं म्हणजे: ९९.५० च्या बिलाचा कर बिलावर आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये सारखाच दिसतो.
पहिलं पाऊल: दोन्हींपैकी बरोबर कुठला, हे अकाउंटंटला विचारणे.

दुसरी ओळ लिहिताना हात आपोआप फोनकडे गेला असता. 'राउंडिंग दुरुस्त करणे' या नावात उत्तर आधीच गृहीत धरलंय. चूक राउंडिंगची आहे हे कोणी ठरवलं? कामाच्या नावात लक्षण लिहावं, औषध लिहू नये. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच सांगते: 'बिल आणि रिपोर्टमध्ये एका पैशाचा फरक' एवढंच नाव द्या.

अर्धविराम

"लक्षण लिहावं, औषध लिहू नये" हे आजच माझ्या टीमला पाठवतोय.

रांजणखळगा

चाफा, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी सहमत, पहिल्याशी नाही. 'झालं म्हणजे' काय, हे कोड वाचल्याशिवाय पुष्कळदा लिहिताच येत नाही. मी पंधरा-सोळा वर्षं जुन्या सिस्टिमवर काम करतो, मूळ लिहिणारे केव्हाच सोडून गेलेत. तिथे आधी ओळ लिहायला गेलं की माणूस अंदाज लिहितो, आणि मग स्वतःच्याच अंदाजाला बांधला जातो.

माझी सुरुवात एकच: दोष स्वतःच्या मशीनवर पुन्हा घडवून बघायचा आणि तो पकडणारी, आत्ता नापास होणारी टेस्ट (कोडचं उत्तर अपेक्षेप्रमाणे येतं का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम) लिहायची. तोवर मूळ कोडच्या एकाही ओळीला हात लावायचा नाही. कळफलक यांनी ९९.५० चं एक बिल घालून रिपोर्ट चालवणारी टेस्ट लिहायला घेतली असती, तर अपेक्षित उत्तराच्या जागी १७.९१ टाकायचं की १७.९२, इथेच अडले असते. अडले की विचारलं असतं. टेस्ट हीच 'झालं म्हणजे'ची ओळ, फक्त ती मशीनला वाचता येते.

चाफा

टेस्टचं मान्य. पण मग कोड वाचणं हे स्वतंत्र काम करा ना. 'शोध: रिपोर्टमधला कर कुठून येतो, दोन तास' असं एक काम घालायचं आणि मूळ कामाला 'डिपेंड्स' लावून त्यावर अवलंबून ठेवायचं. अडलेल्या कामाची अर्जन्सी ५.० ने कमी होते, ते आपोआप खाली सरकतं. शोधाच्या कामाचं 'झालं म्हणजे' सोपं असतं: मूळ कामाची ओळ लिहिता आली की ते संपलं.

रांजणखळगा

हे आवडलं. शोधाला वेळेची मर्यादा लावणं माझ्याकडून होत नाही, ते करून बघतो.

हापूसप्रेमी

मला मुळात एक कळत नाहीये. कंपनीचा ट्रॅकर ब्राउझरमध्ये असतोच. मॅनेजर, टेस्टर, सपोर्टवाले सगळे तोच बघतात. तुम्ही टर्मिनलवर कितीही शिस्तीने स्टार्ट-स्टॉप केलं तरी ते फक्त तुम्हालाच दिसणार. मग दोन ठिकाणी नोंदी ठेवायचा खटाटोप का? आमच्या टीममध्ये एकाची स्वतःची यादी अप्रतिम होती, पण कंपनीच्या ट्रॅकरच्या बोर्डवर त्या कामाचं कार्ड 'चालू' रकान्यात हललंच नाही. दुसऱ्या मुलीने तेच काम उचललं. तीन दिवसांनी एकाच कामाच्या दोन ब्रँच (कोडच्या वेगळ्या प्रती) समोरासमोर. तिची मेहनत वाया गेली आणि तिला फार वाईट वाटलं. काम सुरू करणं म्हणजे आधी इतरांना सांगणं, असं माझं ठाम मत आहे.

कानसेन

हापूसप्रेमी, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण 'टर्मिनल का' याचं माझ्यापुरतं उत्तर देतो. मला दिसत नाही. लिनक्सवर ओर्का आणि विंडोजवर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर वापरून मी बॅकएंडचं काम करतो. आमच्या कंपनीच्या बोर्डवर कार्ड 'चालू' रकान्यात न्यायचं म्हणजे माउसने ओढायचं. कीबोर्डचा पर्याय कागदोपत्री होता. प्रत्यक्षात कार्ड कुठल्या रकान्यात पडलं हे स्क्रीन रीडर बोलतच नसे. एका कामासाठी मला टॅब दाबत चाळीस-पन्नास ठिकाणांवरून जावं लागायचं. टर्मिनलवर मी एक ओळ टाइप करतो, उत्तराची एक ओळ ऐकतो, कामाला लागतो.

पण एक सांगतो, टर्मिनलवरचं सगळंच ऐकायला सोपं नसतं. 'टास्क नेक्स्ट'चा तक्ता डोळ्यांसाठी आखलेला आहे. रकान्यांमधल्या मोकळ्या जागा, वय, अर्जन्सी, सगळं कानात ओतलं जातं आणि मुळात काम काय आहे ते शेवटून दुसऱ्या रकान्यात ऐकू येतं. म्हणून मी सेटिंगच्या फाइलमध्ये स्वतःचा रिपोर्ट केलाय, त्यात फक्त आयडी आणि वर्णन. चाफा म्हणतात तसं वर्णन लक्षणाचं असेल तर तेवढ्यावर निवड करता येते.

हापूसप्रेमी

कानसेन, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मनापासून आभार. आमच्या बोर्डवर फक्त कीबोर्डने कार्ड हलवून बघतो उद्या.

सह्यगिरी

दोन्ही बाजू सांधता येतात. कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) असेल तर त्यांचं कमांड लाइनचं साधन वापरा. 'जीएच इश्यू लिस्ट'ला असाइनी म्हणून '@मी' दिलं की आपल्या नावावरचे इश्यू, म्हणजे तिथे नोंदलेली कामं, येतात. 'जीएच इश्यू डेव्हलप ४२ --चेकआउट' मारलं की त्या इश्यूला जोडलेली ब्रँच सर्व्हरवर तयार होते आणि आपल्याकडे उघडतेही. इश्यूच्या पानावर ती ब्रँच सगळ्यांना दिसते. इश्यू स्वतःच्या नावावर घ्यायचा राहिला असेल तर 'जीएच इश्यू एडिट'ने तोही इथूनच घेता येतो. सांगणं आणि सुरू करणं एकाच जागेवरून.

अवांतर: एआय एजंटांना कामं देणाऱ्या टीममध्ये हाच प्रश्न आता नव्याने आलाय. स्टीव्ह येगी यांनी २०२५ मध्ये 'बीड्स' नावाचा कमांड लाइन ट्रॅकर काढला. 'बीडी रेडी' म्हटलं की ज्यांच्या वाटेत दुसरं कुठलं काम आडवं नाही तेवढीच कामं तो दाखवतो. तिथेही पहिली पायरी काम आपल्या नावावर करून 'चालू' असं नोंदवण्याची, नाहीतर दोन एजंट एकच काम उचलतात. हापूसप्रेमींच्या टीममध्ये झालं तेच.

पाटीपेन्सिल

विषयांतर करतेय, पण कामांची नावं तुम्ही मराठीत लिहिता का? मला 'बिल आणि रिपोर्टमध्ये फरक' हे मराठीत लिहिलं की लगेच डोक्यात शिरतं. पण टर्मिनलमध्ये तक्त्याचे रकाने वेडेवाकडे होतात.

जुना_खेळाडू

पाटीपेन्सिल, दोष देवनागरीचा नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठराविक रुंदीची चौकट देतं. 'लक्ष्मी' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षर साठवायच्या पद्धतीत) ती सात चिन्हं आहेत: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी. एवढ्या चिन्हांना किती चौकटी द्यायच्या हे ट्रॅकर एक ठरवतो आणि टर्मिनल दुसरं. मग रेघ सरकते. वर्णनाचा रकाना सर्वात शेवटी ठेवा, त्याच्यापुढे काही नसलं की बिघडायलाही काही उरत नाही.

पाटीपेन्सिल

केलं. एकदम सरळ दिसतंय! आता सगळी नावं मराठीत.

अर्धविराम

आमच्या टीममध्ये मराठी नावं चालतात, फक्त 'ते बघणे' या नावावर बंदी आहे. एकदा यादीत तीन 'ते बघणे' होते, तिन्ही वेगवेगळ्या माणसांचे.

गोदातीर

मी नाशिकहून फ्रीलान्स करते, तासावर बिल लावते. माझ्यासाठी स्टार्टचा अर्थ अगदी रोकडा आहे: घड्याळ चालू झालं. टास्कवॉरिअरच्या जोडीला टाइमवॉरिअर हे वेळ मोजणारं साधन आहे. त्याच्यासोबत येणारा हुक (काम बदललं की आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) बसवला की टास्क स्टार्ट केल्यावर वेळ मोजायला लागते, स्टॉप किंवा डन केल्यावर थांबते. आठवड्याच्या शेवटी 'टाइम्यू समरी :वीक'.

जेवायला उठताना स्टॉप मारायचं राहून जातं, हे सगळ्यांचंच होत असणार. मग मी परत आल्याबरोबर आधी स्टॉप मारते आणि 'टाइम्यू मॉडिफाय एंड @१ १३:१५' असं करून वेळ मागे घेते. न केलेल्या तासाचे पैसे घेतले तर मला झोप लागणार नाही. आणि केलेल्या तासाचे सोडायचेही नाहीत. गेल्या वर्षी एका क्लायंटने ११ तासांवर हरकत घेतली. मी त्या कामाच्या ॲनोटेशन्स तारीखवार काढून पाठवल्या: कुठल्या दिवशी काय तपासलं, कुठे अडलं, कोणाच्या उत्तरासाठी थांबले. दुसऱ्या दिवशी पूर्ण पैसे आले. नुसते आकडे दाखवून हे झालं नसतं. चाफांच्या त्या दोन ओळींना माझ्याकडून जोरदार अनुमोदन.

ओसरी

मी वर नुसतंच 'वाचत्ये' म्हटलं होतं, आता लिहिते. तुम्ही सगळे एकदाच सुरू करण्याबद्दल बोलताय. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. मला एकच काम दिवसातून पाच-सहा वेळा सुरू करावं लागतं. खरी अडचण दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सुरुवातीची आहे.

माझी आई स्वेटर विणायची. मध्येच उठताना कागदाच्या चिटोऱ्यावर ओळीचा नंबर लिहून तो लोकरीच्या गुंड्यात खोचायची. मी तेच करते. स्टॉप मारण्याआधी एक ॲनोटेशन, 'पुढे:' ने सुरू होणारं. कालचं असं होतं: "पुढे: रिफंडच्या टेस्टमध्ये तारीख रिकामी येते, ती फॉर्ममधूनच रिकामी येते का ते बघणे." लिहायला वीस सेकंद लागली. रात्री साडेनऊला ती झोपल्यावर बसले तेव्हा आठवत बसावं लागलं नाही, थेट फॉर्म उघडला.

मध्येच तातडीचं काही आलं तर मी अर्धवट बदल गिटच्या (कोडचे बदल सांभाळणाऱ्या साधनाच्या) 'स्टॅश' या तात्पुरत्या कप्प्यात टाकत नाही, तिथे ते विसरले जातात. 'गिट वर्कट्री'ने शेजारी दुसरा फोल्डर काढते. २०१५ पासून, गिटच्या २.५ आवृत्तीपासून ही सोय आहे. पहिल्या कामाच्या फाइली होत्या तशाच उघड्या राहतात.

रांजणखळगा

ओसरी, हा या धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद आहे.

सह्यगिरी

सहमत. ते 'पुढे:' ज्याच्या कामात वारंवार खंड पडतो त्या प्रत्येकालाच हवं.

जुना_खेळाडू

कळफलक, सहा कामं एकदम चालू राहू नयेत यासाठी हुक लिहिता येतो. होम फोल्डरमधल्या 'डॉट टास्क'च्या आत 'हुक्स' फोल्डर असतो, त्यात 'ऑन-मॉडिफाय' ने नाव सुरू होणारी स्क्रिप्ट ठेवायची. काम बदललं की तिला जेसनच्या (नोंदी टेक्स्टमध्ये लिहायच्या एका पद्धतीच्या) दोन ओळी मिळतात, जुनी आणि नवी. जुनीत 'स्टार्ट' नाही आणि नवीत आहे, म्हणजे आत्ता सुरू होतंय. दुसरं काम आधीच चालू असेल तर शून्य सोडून दुसरा कोड देऊन बाहेर पडायचं, बदल नाकारला जातो. मी त्याच स्क्रिप्टमध्ये आणखी एक अट घातलीय: 'झालं म्हणजे' ने सुरू होणारं ॲनोटेशन नसेल तरी स्टार्ट नाही. (ही अट आजच घातली, चाफांच्या कृपेने.)

आणखी एक सावधगिरी. आयडी कायमचे नसतात. कामं संपत गेली की पुढच्या रिपोर्टच्या वेळी नंबर पुन्हा लावले जातात. सकाळी ४२ असलेलं काम दुपारी ३९ असू शकतं. स्क्रिप्टमध्ये किंवा ब्रँचच्या नावात कधीही आयडी वापरू नका, यूयूआयडीची (कामाच्या कधीच न बदलणाऱ्या ओळखीची) पहिली आठ अक्षरं वापरा. आमच्या एका सहकाऱ्याने सकाळच्या यादीवरून दुपारी 'डन' मारलं आणि भलतंच काम संपवलं. 'टास्क अनडू'ने ते परत आलं, पण त्याला लक्षात येईपर्यंत संध्याकाळ झाली होती.

पाटीपेन्सिल

मी कालच टास्कवॉरिअर अपडेट केलं आणि यादी रिकामी!!! कोणी सांगेल का?

जुना_खेळाडू

घाबरू नका, डेटा बहुतेक जागेवरच आहे. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ३.० पासून नोंदी साध्या टेक्स्ट फाइलींऐवजी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. जुन्या 'पेंडिंग डॉट डेटा' आणि 'कम्प्लिटेड डॉट डेटा' फाइली आहेत का बघा. असतील तर आधी त्यांची कॉपी करून ठेवा, मग जुन्या आवृत्तीतून 'टास्क एक्स्पोर्ट' करून ती जेसन फाइल नव्या आवृत्तीत 'इम्पोर्ट' करा. जुना सिंक सर्व्हर मात्र नव्या आवृत्तीबरोबर चालत नाही.

पाटीपेन्सिल

सगळं परत आलं. २१७ कामं, माझ्या मराठी नावांसकट. खूप खूप धन्यवाद!

कळफलक

तीन आठवड्यांनी परत येतोय. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

'सुरू' नावाचं छोटं शेल फंक्शन (टर्मिनलवरची स्वतःची कमांड) लिहिलं. त्याला कामाचा नंबर दिला की ते आधी यूयूआयडी काढतं, मग 'झालं म्हणजे:' आणि 'पहिलं पाऊल:' या दोन ओळी विचारतं. त्या दिल्यावर गिट फेच (सर्व्हरवरचे ताजे बदल आणणं), ताज्या मेनवरून (मुख्य ब्रँचवरून) नवी ब्रँच, इश्यू माझ्या नावावर, आणि सर्वात शेवटी टास्क स्टार्ट. 'थांब' नावाचं दुसरं फंक्शन 'पुढे:' ची ओळ घेतल्याशिवाय स्टॉप करत नाही. एकावेळी एकच काम, हुक लावून.

तीन आठवड्यांत २३ कामं सुरू केली. त्यातल्या चार वेळा पहिल्या प्रश्नालाच अडलो, 'झालं म्हणजे' काय ते लिहिताच येईना. दोन कामांना चाफा म्हणतात तसं शोधाचं काम जोडलं. उरलेली दोन सपोर्टकडे प्रश्न म्हणून परत पाठवली. त्यातलं एक ग्राहकाने स्वतःच रद्द केलं, त्याला हवा असलेला रिपोर्ट आधीपासूनच मेनूत होता.

रांजणखळगा, ९९.५० ची टेस्टही आता लिहून ठेवलीय.

फंक्शन हवं असेल तर सांगा, इथेच टाकतो.

कानसेन

हवंय. एक विनंती: गिटचे सगळे संदेश ऐकावे लागू नयेत म्हणून ते दाबून टाका आणि शेवटी एकच ओळ छापा, कामाचं वर्णन आणि पहिलं पाऊल. स्टार्ट झाल्याबरोबर कानावर पहिलं पाऊलच पडलं पाहिजे.

कळफलक

केलं. आता शेवटची ओळ अशी येते: "बिल आणि रिपोर्टमध्ये एका पैशाचा फरक. पहिलं पाऊल: अकाउंटंटला फोन." गिटची काही चूक झाली तर मात्र ती आधी वाचली जाईल, ती दाबलेली नाही. चालेल ना?

कानसेन

अगदी तसंच हवं होतं. टाका.